साळुंकेभाऊजी आणि पिवळा मोजा

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या अपार्टमेंटमध्ये नवी वस्तू आली की तिचा पहिला वास घ्यायचा मान साळुंकेभाऊजींचा. पेढे नंतर, पूजा नंतर. आधी भाऊजी येणार, चष्मा कपाळावर चढवणार, खोक्यात नाक घालणार आणि डोळे मिटून उभे राहणार. आपण आपले दारात ताटकळत राहायचं. मग निकाल लागणार. एक तर "कोरा हाय." नाहीतर "हात लागलाय ह्याला."

"हात लागलाय" म्हणाले की विषय संपला. वस्तू परत, आणि परत करायला सोबत भाऊजी.

दिगंबर साळुंके मूळचे सोयगावकडचे. गावाकडं जमीन, पण हे उभी हयात वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस. पट्ट्यावरून पुढं सरकणारा माल उचलायचा, बोट फिरवायचं, खोट दिसली की बाजूला टाकायचा. निवृत्त झाले, पट्टा थांबला, बोट काही थांबलं नाही. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. तीस वर्षं शाळेत पोरं आवरली, त्यामुळं माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. तरी या माणसापुढं माझं काही चालायचं नाही.

मी मिक्सर आणला तेव्हाची गोष्ट. भाऊजींनी तो पालथा घातला, टॉर्च मारला आणि म्हणाले, "ह्या स्क्रूच्या डोक्याला ओरखडा हाय. कुणीतरी खोललाय."

"अहो, कारखान्यातच उठला असेल."

"कारखान्यातला ओरखडा येगळा, दुकानातला येगळा. मला शिकवू नका, ताई."

आणि मेल्या मिक्सरनं खरंच दुसऱ्या दिवशी चटणी वाटताना जीव सोडला. दुकानदारानं मुकाट बदलून दिला, वर भाऊजींना हात जोडले. कोपऱ्यावरचे किराणावाले रशीदभाई तर ते येताना दिसले की आधीच म्हणायचे, "साब, बिस्कुट है, जेवर नहीं!" भाऊजी तरी पुड्याची चिकटवलेली कडा नखानं तपासणारच. नारळसुद्धा शेंडी बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. का, तर "देवानं लावलेलं सील हाय ते."

कहर झाला तो माझे सासरे गेले तेव्हा. घरात रडारड चाललेली. पुरुषमंडळी सामान आणायला गेली, त्यांत भाऊजी. तिथं त्यांनी ते पांढरं कापड पूर्ण उलगडलं, उजेडात धरलं आणि दुकानदाराला विचारलं, "हे कुणी परत आणून दिलेलं तर नाय ना?" दुकानदार म्हणे बसलाच खाली. "साहेब, ह्याला कोण परत आणून देतंय!" नवऱ्यानं चौथ्या दिवशी हे सांगितलं, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मला लाज वाटली, पण हसले.

"बिल घ्यायचं, खोकं ठेवायचं, खोलताना व्हिडिओ काढायचा," हा त्यांचा मंत्र. त्यापायी त्यांच्या घरात रिकामी खोकी छताला टेकलेली. सुमनताई, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "आमच्या घरात आमी दोघं, आन् बाकी खोके."

त्यांना मूलबाळ नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ताई बोलायला गोड, हाताला चव. पण आमच्या मजल्यावर एकीच्या बाळाचं बारसं होतं, ताई पाळण्याच्या दोरीला हात लावायला पुढं झाल्या, आणि त्या बाळाच्या आजीनं त्यांचा हात धरून बाजूला केला. "तुम्ही राहू द्या," म्हणाली. सगळ्यांसमोर! मी त्या म्हातारीला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ताई त्यानंतर कुठल्या बारशाला आल्या नाहीत. अंगडं-टोपडं माझ्या हाती पाठवतात आणि दार लावून घेतात. भाऊजी यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. सगळे म्हणायचे, त्या माणसाला स्क्रूपलीकडं काही दिसत नाही. मीही म्हणायचे.

तर, ताईंची बोटं संधिवातानं सुजायला लागली. कपडे पिळवेनात. भाऊजींनी दिवाळीत मोठं मन करून वॉशिंग मशीन घेतलं, पुढून काचेचं दार असतं ना, तसलं. दुकानाचं नाव घेत नाही. मशीन गोदामातून घरी आलं. भाऊजींनी पट्ट्या तपासल्या, स्क्रू तपासले, वास घेतला. वास घेऊन जरा रेंगाळले. "साबणाचा वास कसा काय?" एवढंच पुटपुटले. व्हिडिओ काढायला मोबाईल उचलला, तर त्यात जागाच नाही! टूथपेस्टपासून छत्रीपर्यंत सगळ्या खोक्यांचे जुने व्हिडिओ त्यात भरलेले.

मी पूजेचं ताट धरून उभी. ताईंनी मशीनवर स्वस्तिक काढलं, दार उघडलं आणि आतल्या गोल भांड्यालाही हळदीकुंकू लावायला हात घातला. दाराभोवती रबराचं जाड कडं असतं, त्याच्या घडीत त्यांचं बोट अडलं. त्यांनी ओढून काढला तो एक मोजा. पिवळा, त्यावर बदक, माझ्या अंगठ्याएवढा.

ताईंनी तो तळहातावर सरळ केला. त्यांच्या बोटाचं ओलं कुंकू त्याला लागलं.

"हात लागलाय," भाऊजी म्हणाले. पण नेहमीसारखा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मात्र जोर आला. मॅनेजर म्हणाला, "काका, कंपनीत टेस्टिंग करतात. त्यात काहीतरी राहिलं असेल."

"लेकराचे मोजे घालून टेस्टिंग करत्यात व्हय? कुणीतरी वापरून परत दिलेली मशीन तू नवी म्हणून माझ्या गळ्यात मारायलास. हर्सूलला पाठवीन तुला!"

हर्सूलच्या जेलात कोण कशाला जातंय मशीनपायी. दुकानानं दाद दिली नाही तेव्हा भाऊजींनी ग्राहक मंचात तक्रार घातली. वकील लागत नाही, आपली बाजू आपल्यालाच मांडता येते, हे कळल्यावर तर ते दहा वर्षांनी तरुण झाले. रोज सकाळी गॅलरीत खोक्यांपुढं भाषणाची तालीम. "वापरलेला माल नवा म्हणून इकणं ही फसवणूक हाय, साहेब!" खोकी ऐकून घ्यायची. मला त्यांनी साक्षीला घेतलं, मोजा ताईंना सापडला म्हणून त्यांनाही घेतलं. मोजा एका पारदर्शक पिशवीत, कुंकवाच्या डागासकट.

सुनावणी लागली ती पुढच्या पावसाळ्यात. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. भाऊजी इस्त्रीच्या कपड्यांत, ताई ठेवणीतल्या लुगड्यात. भाऊजी बोलले झकास. वास, रबर, मोजा, सगळं ओळीनं मांडलं. टेबलामागच्या, निकाल देणाऱ्या बाईंनी मान हलवत ऐकलं. माझ्या मनात तर निकाल लागूनही गेला होता.

मग दुकानाचा वकील उठला. तरणा पोरगा, वागायला अदबशीर. म्हणाला, "मशीन तक्रारदारांच्या घरी उघडली गेली. व्हिडिओ नाही. हा मोजा त्यांच्याच घरातल्या लहान मुलाचा, नातवंडाचा असू शकतो. पूजेच्या गडबडीत पडला असेल."

बाईंनी भाऊजींकडं बघितलं. आवाजात माया होती हो त्यांच्या, उगाच का खोटं बोलू. "आजोबा, घरात लहान मूल कोण कोण आहे? नातवंडं किती?"

एक वाक्य बोलायचं होतं. आम्हाला मूल नाही. संपलं. दुकानदाराचं तोंड तिथंच बंद झालं असतं. मी खुर्चीच्या कडेला आले. मला वाटलं, आता फुटला त्या वकिलाचा फुगा.

भाऊजींनी ताईंकडं बघितलं. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि टेबलावरच्या पिशवीकडं बघत होत्या. टायपिंगवाली मुलगी बोटं वर धरून थांबलेली.

"येतेत," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"पोरं येतेत आमच्याकडं. नात्यातली, शेजारची. लई येतेत. घर भरलेलं असतंय." घसा खाकरला. "त्यातल्याच कुणाचा असंल मोजा."

मी ताडकन उठले. "अहो भाऊजी, काय बोलायलात तुम्ही!" त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "बसा, ताई." हळूच म्हटलं. मी आयुष्यात कुणाचं ऐकून खाली बसले नाही, तेव्हा बसले.

वकील पोरगासुद्धा गोंधळला. बाईंनी पुन्हा विचारलं, आजोबा, नीट आठवून सांगा. भाऊजी ठाम. तक्रार फेटाळली गेली. सगळं आवरताना त्यांनी एवढंच विचारलं, "तो मोजा परत मिळंल का?"

रिक्षात बसल्यावर माझा तोल सुटला. "कधी येतात हो पोरं तुमच्याकडं? गॅलरीत चेंडू पडला तरी तुमच्या धाकानं कुणी मागायला येत नाही! साधी काडेपेटी सोडत नाही तुम्ही, आणि जिंकलेली केस दिली सोडून!"

भाऊजी बाहेर बघत बसले. ताई म्हणाल्या, "मी सांगितलं असतं की. लोकांना सांगायची सवय हाय मला."

"लोकांना सांगितलेलं वाऱ्यावर जातंय," भाऊजी म्हणाले. "तिथं लिहून घेत्यात. लिहिलं की ऱ्हातंय ते. सरकारी कागदावर तुझ्या नावापुढं तसलं ऱ्हायला नको."

मी तोंड फिरवून रडले, आणि रडले याचा रागही आला.

मशीन तेच राहिलं. बिचारं चालतं मात्र चांगलं. ताईंच्या बोटांना आराम पडला. थंडी सुरू झाली, आणि एक दिवस गॅलरीतल्या दोरीवर मला तो मोजा दिसला. भाऊजींच्या दोन शर्टांच्या मध्ये, एका चिमट्यात. दुसऱ्या दिवशीही दिसला. तिसऱ्याही. आठवडाभर बघितलं, माझा जीव राहिना. भाऊजींचा पाय घरात नाही असं बघून ताईंकडं गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"ताई, बोलू का? तो मोजा काढून ठेवा हो. किती दिवस जिवाला लावून घ्यायचं?"

त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. "मी कुठं घालते? मला तर तो बघवत पन नाय. त्येच धुतेत. वाळला की काढतेत, सांजच्याला पाण्यातून काढतेत, सकाळी परत घालतेत."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"मला ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाय, एवढ्या वर्षांत. मग मी कशाला बोलू?" आणि मेथीचं पान खुडलं.

तेवढ्यात गॅलरीत काहीतरी हललं. भाऊजी कुठं गेलेच नव्हते, खोक्यांच्या मागं होते. सगळं ऐकलं असणार. पण चेहऱ्यावर तसलं काही नाही. चष्मा कपाळावर, हातात चिमटा. शर्ट बाजूला सारून त्यांनी मोजा दोरीच्या अगदी टोकाला आणला, रस्त्याच्या अंगाला. मागं सरून बघितलं, परत थोडा सरकवला.

"ताई," मला म्हणाले, "खालून दिसतोय का हो हा? का शर्टाच्या आड जातोय?"

मी चपला घातल्या आणि जिना उतरले. रस्ता ओलांडून रशीदभाईंच्या दुकानासमोर उभी राहिले. वर बघितलं. दोरीच्या टोकाला पिवळं काहीतरी हलत होतं, आणि त्यामागं भाऊजी कठड्यावर वाकून माझ्या निकालाची वाट बघत होते.

"दिसतोय, भाऊजी!" मी शाळेतल्या आवाजात ओरडले. "चांगला दिसतोय!"