कमठे सरांची मान

फाल्गुन वद्य तृतीया, मंगळवार. आकाश निरभ्र. सकाळी किंचित गारवा, दहानंतर कडक ऊन.

मुलांनो, अशा त्या दिवशी एका जंगलातल्या विद्यापीठात कमठे सर वर्गावर आले. सर म्हणजे एक वयस्कर कासव. त्यांचा विषय होता वाघ.

त्या जंगलात दोन पक्ष होते. झाडावर राहणाऱ्यांचा शेंडा पक्ष आणि जमिनीखाली राहणाऱ्यांचा बीळ पक्ष. निवडणूक तोंडावर आली होती.

"वाघ आला," सर म्हणाले, "की ज्याला चढता येतं त्यानं झाडावर चढावं."

"झाला शेंड्यांचा प्रचार सुरू!" पहिल्या रांगेतली घूस ओरडली.

"आणि ज्याला बीळ आहे त्यानं बिळात शिरावं."

"आता ह्यांचा!" खार टुणकन उडाली. "शिवाय सरांनी मान आत घेतली. आज अकराव्यांदा!"

"अगं, नाकावर माशी बसली होती."

"मग मान बाहेर काढली ती बरोबर वर शेंड्याकडेच कशी?" घूस म्हणाली.

मागून चितळाची पोर उठली. तिचं नाव टिकली. "सर, मला चढता येत नाही. बिळात मी मावत नाही. मी काय करू?"

"तू ना? तू सरळ प..."

"थांबा!" खार आणि घूस एकदम किंचाळल्या. त्या वर्षातलं त्यांचं हे पहिलंच एकमत. "हा तिसरा पक्ष कुठून काढलात?"

तक्रार कुलगुरू कोल्होबांकडे गेली. दुपारी लेखी निकाल आला. सरांनी मान मधोमध ठेवावी. ती हलू नये म्हणून वर एक दगड, खाली एक दगड. चढण्याचं वाक्य आणि शिरण्याचं वाक्य सारख्याच लांबीचं असावं. टिकलीचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. उत्तर दिल्यास नोकरी जाईल.

"आणि काय हो सर," कोल्होबा म्हणाले, "वर्षानुवर्षं वाघाविषयी बोलता. वाघाची बाजू कधी मांडलीत? मी त्यांनाच बोलावलंय. तीन वाजता."

बरोबर तीन वाजता वाघ आला. वर्गाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. खारीने हार घातला. घुशीने पाणी दिलं. कोल्होबांना अचानक दुसऱ्या जंगलात बैठक निघाली.

"बाळांनो," वाघ म्हणाला, "माझ्याविषयी फार गैरसमज आहेत. मागच्यांना ऐकू येत नसेल. जरा पुढे सरका."

वर्ग पुढे सरकला. टिकलीही सरकली.

सरांनी दोन्ही दगड पाडले. होती नव्हती तेवढी मान बाहेर काढली.

"टिकले, पळ! पळा रे सगळे!"

"पळायचं ते कुणाच्या बाजूनं, ते आधी स्पष्ट करा," घूस म्हणाली.

"पाहुण्यांसमोर शोभतं का हे, सर?" खार म्हणाली.

टिकली पळाली.

पटावर तेवीस नावं होती. दुसऱ्या दिवशी हजर एक. कमठे सर निलंबित. कारण, पाहुण्यांचं भाषण मध्येच तोडलं. त्यांच्या जागी वाघाची नेमणूक झाली.

तात्पर्य : शिक्षकाने कोणतीही बाजू घेऊ नये. मग वर्गातून एकही तक्रार येत नाही.