काठाची घाई नको

धुमाळ सरांना वर्तमानपत्र वाचताना कुणी पाहिलेलं नाही. ते वर्तमानपत्र वळतात. पौडच्या आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मी अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदावर असतो, तोवर सरांनी पहिलं पान खिशातल्या सायकलच्या तारेवर गुंडाळून, टोकाला खळ लावून नळी केलेली असते. "देशाचं वाचून कळत न्हाई. वळून बघा. कागद पार लेचापेचा झालाय."

या नळ्यांच्या टोपल्या विणायला ते सातवीला शिकवतात. वीण बांबूची, जुनी, माल रद्दीचा. बूड कसं मांडावं यावर असं व्याख्यान देतात, की धरणाचा पाया घालणाऱ्यांनीही इतका विचार केला नसेल. पण काठ बांधायची वेळ आली की टोपल्या काढून घेतात. "काठाची घाई नको," म्हणत सगळ्या पोत्यात कोंबून एसटीने रिह्याला घरी नेतात. सोमवारी काठासकट हजर. औषध लपवणारे वैद्य ऐकले होते. रद्दीचं गुपित राखणारे हे पहिलेच.

शाळेचं प्रदर्शन जवळ आलं, तसा मोठ्या बाईंनी माझ्याकरवी निरोप धाडला: पाहुण्यांसमोर मुलांनीच काठ बांधायचा, नाहीतर तो तास संगणकाला.

रविवारी रिह्याला गेलो. ओसरीवर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. माहेर बुरुडांचं. उजवा हात अर्धांगवायूनं मांडीवर पडलेला. बांबू आता त्यांच्यानं वाकत नाही, कागद वाकतो. डावा हात आणि दात, एवढ्यावर काठ बांधणं चाललं होतं. सर मदतीला सरसावले.

"ऱ्हाऊ द्या! तुमचा काठ सुटतोय. नुसती टोपली फिरवा." सर फिरवू लागले. "अवो, हा घट्ट हात कुनाचा?"

"नवी पोरगी हाय. सारखी रडती."

"रडू द्या, वीण बघा की तिची! आन् ही तिरकी?"

"त्यो लई बोलतोय. तुझ्यावानी."

त्या खळखळून हसल्या. त्या घरात मूल नव्हतं. दर शनिवारी सगळा वर्ग पोत्यात बसून यायचा.

सरांनी विचारलं, "काय निरोप?"

"निरोप कसला? चहाला आलोय."

सोमवारी मोठ्या बाईंना सांगितलं, काठ शिकवणं धुमाळांना जमणार नाही.

"म्हणजे त्यांनाच येत नाही!"

"नाही येत," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "पाहुण्यांना हे कळायला नको. मांडा मग तयार टोपल्याच." तास वाचला.

सर तार काढून माझ्या पेपराकडे बघत होते. मी तो घडीसकट पुढे सरकवला.

"आजून वाचला न्हाई तुमी."

"वाचायची घाई नाही."