सुकापूरची बास्क पाकशाळा आणि रेवाचे घास

मूल जेवत नाही, ही खासगी नसून सार्वजनिक बाब आहे. आमची रेवा चार वर्षांची. तिचं वजन पावणेबारा किलो, आणि ते आमच्या इमारतीच्या चौदाही मजल्यांना तोंडपाठ आहे. तिच्या घासांची मी वही ठेवते. गेल्या महिन्याची सरासरी: दर जेवणाला साडेतीन घास (पैकी अर्धा गालात). डॉक्टर म्हणाले, "महिनाभरात वजन वाढलं नाही, तर तपासण्या सुरू करू." त्यानंतर माझी झोप उडाली, आणि झोप उडालेली आई कुठलाही फॉर्म भरते.

मी भरला तो सुकापूरच्या बास्क पाकशाळेचा. बास्क हा स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचा प्रदेश. तिथे पुरुषांची जेवणमंडळं असतात. पुरुष रांधतात, बायका टेबलाशी बसतात, आणि जुन्या प्रथेनुसार त्यांना स्वयंपाकघरात मज्जाव असतो. (तिकडे ही प्रथा आता बरीच सैल झालीय म्हणे. सुकापूरला मात्र ती शुद्ध स्वरूपात मिळते.) संस्थापक शेफ वरद बास्क प्रदेशात तब्बल नऊ दिवस राहून आले आहेत. त्यांचा सिद्धांत असा: मूल आईच्या हातचं खात नाही, कारण ते रोज मिळतं; बापाच्या हातचं खाईल, कारण ते कधीच मिळत नाही. या युक्तिवादात मला खोट सापडली नाही.

"आयांनी काही करायचं नाही," शेफ म्हणाले, "फक्त कौतुक करायचं."

"आणि भांडी?"

"भांड्यांबाबत बास्क परंपरा मौन बाळगते, मॅडम."

त्यामुळे भांडी स्थानिक परंपरेनुसार चालू राहिली. माझा नवरा जीवन शनिवारी शिकायचा आणि रविवारी घरी सराव करायचा. एका बटाट्याच्या ऑम्लेटला चौदा भांडी (चमचे वेगळे). रेवाचे घास: दोन. "अगं, तिची जीभ तयार होतेय," जीवन म्हणायचा.

शाळेत जमिनीवर पिवळी रेघ आहे. तिच्यापलीकडे स्त्रियांना प्रवेश नाही, आणि या नियमाला अपवाद नाही. उरणच्या मोरा बंदरावरून गुणाबाई दर शनिवारी मासे साफ करायला येतात, कारण बॅचमधल्या दहाही बापांना खवल्यांची किळस येते. पण साफ करणं म्हणजे रांधणं नव्हे आणि मागची गॅलरी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. सबब गुणाबाई तिथे नसतात.

चौथ्या शनिवारी परीक्षा होती. सोमवारी डॉक्टरांची तारीख.

पदार्थ फार सोपा. खारवलेला मासा लसणीच्या तेलात ठेवायचा आणि कढई गोल गोल हलवत राहायची. चमचा लावायचा नाही. तेल आपोआप दाट होतं. बास्क माणसाला याला वीस मिनिटं लागतात. आमचे दहा बाप पंचावन्न मिनिटं हलवत होते. तेल तेलच राहिलं होतं. "मनगटातून, जीवनसर, मनगटातून!" शेफ ओरडत होते. आम्ही कौतुक करत होतो.

एवढ्यात रेवा खुर्चीत नाही असं दिसलं. मी रेघ ओलांडून धावले.

रेवा गॅलरीत गुणाबाईंच्या मांडीला टेकून त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खात होती.

"अहो, काटे असतील!"

"काडून देतंय ना मी. किती दिवस उपाशी हाय गो ही?"

"उपाशी नाही. कोर्स चालू आहे." मी मोजायला लागले. अकरा. बारा.

"मोजू नको, पोर बुजंल. तुमी सगली तिच्या तोंडाकडं बघत बसता, ती खानार कशी?"

मी तोंड फिरवून मोजलं. बावीस. (गालात शून्य.)

आम्ही टेबलाशी परतलो, तर घामाघूम जीवन ताटली घेऊन उभा. रेवा म्हणाली, "बाबा, पोट भरलं." हे वाक्य आमच्या घरात प्रथमच उच्चारलं गेलं. जीवनच्या डोळ्यांत पाणी आलं. शेफनी वहीत नोंद केली: 'रेवा, तृप्त.' जीवनचा पहिला नंबर आला. मी टाळ्या वाजवल्या आणि अभिप्रायाखाली सही केली.

गुणाबाईंनी बांधून दिलेलं उरलेलं कालवण रविवारी संपलं. सोमवारी डॉक्टरांच्या वजनकाट्याने दोनशे ग्रॅम जास्त दाखवले, आणि तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या.

सोसायटीतल्या आयांना मी हे सगळं खरं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "किती गोड! पुढची बॅच कधी?" तुम्ही तसं विचारणार नाही. तुम्ही सुज्ञ, तुम्ही थेट गुणाबाईंचा नंबर मागाल. जरूर देईन. सध्या त्या दर मंगळवारी आमच्याकडे येतात. रेवा ताट घेऊन दाराशी बसते. गुणाबाई सामानाच्या लिफ्टने येतात, कारण दुसरीत मासळीच्या पाटीचा वास राहतो, असा सोसायटीचा ठराव आहे. (मी बैठकीला हजर होते. हात वर केला होता.)

तुमच्या इमारतीत त्यांनी कुठल्या लिफ्टने यायचं, तेवढं आधी कळवा.