संग्रहालयात एक चमचा जास्त झाला

वस्तू हरवणे ही मानवी गोष्ट आहे. वस्तू वाढणे ही प्रशासकीय आपत्ती आहे. हे सत्य पनवेलकरांना एका चमच्याने शिकवले.

खांदा कॉलनीत, दोन ट्यूशन क्लासच्या मधोमध, रेल्वेच्या जुन्या भोजनपात्रांचे संग्रहालय आहे. ज्या काळी गाडीत पांढऱ्या कोटातला बेअरा चिनी मातीच्या बशीतून कटलेट आणून देई, त्या काळची ही भांडी. नोंदवहीप्रमाणे चमचे एकोणीस, काटे अकरा, ताटल्या सहा, कप चार, बशा पाच (कप फुटतो, बशी उरते, हा निसर्गनियम), किटल्या दोन, आणि एक मोहरीच्या चटणीचे भांडे, जे कशाचे आहे हे पाटी वाचूनही कोणाला पटत नाही. एकूण अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षी प्रेक्षक आले दोनशे बारा. पैकी एकशे चाळीस क्लासचा जिना विचारायला, एकसष्ट स्वच्छतागृह विचारायला. उरलेल्या अकरांनी भांडी पाहिली आणि संस्थेचा हेतू सफल झाला.

या भांड्यांचे रखवालदार दादू भोपी महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यासाठी ‘मोजदाद बरोबर’ असा दाखला लागतो. दाखला नसेल तर सुटका नाही. माणूस साठीनंतरही त्याच स्टुलावर बसून राहतो. (आधीचे रखवालदार एका काट्यापायी चार वर्षे बसले होते.) म्हणून दादूंनी तीन आठवडे आधीच मोजणी केली. एकोणपन्नास भरले.

दादू हबकले. वस्तू हरवली तर नमुना ‘क’ आहे, फुटली तर ‘ड’, उंदराने नेली तर ‘ड’ची पुरवणी. वाढली तर काहीच नाही. असे कधी घडेल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. ते याच देशातले होते.

जास्तीचा चमचा मोठा होता, त्याच्या पाठीवर रेल्वेचा शिक्का होता आणि त्याला हळदीचा वास येत होता. दादू वास घेत घेत हौसाबाईंच्या दारात पोचले. हौसाबाईंचे यजमान रेल्वेत बेअरा होते.

“हौसावयनी, तुमचा चमचा परत न्या.”

“नाय रं बाबा. सून आता खारघरला नेते मना. आमी चोरीचा माल नवीन घरान नेत नाय.”

“मंग एकवीस वर्सं जुन्या घरान काय करत व्हता?”

“वरण वाढत व्हता,” हौसाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

आता एकच सरळ मार्ग उरला: चोरी. दादूंनी कपाट उघडे ठेवले आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. तीन दिवसांत एकही वस्तू गेली नाही. चार वाढल्या. हौसाबाईंनी मंदिरात सगळ्यांना सांगितले होते की तिथे कोणी काही विचारत नाही, रखवालदार तर भिंतीकडे बघत बसतो.

मग दादूंनी ‘भांडी चोरू नयेत’ अशी पाटी लावली. (आपल्याकडे पाटीने माणसाला हुरूप येतो, ‘येथे थुंकू नये’चा अनुभव आहे.) पाटीचा परिणाम झाला. एका सद्गृहस्थाने संध्याकाळी खरोखरच एक चमचा खिशात घातला. दादूंनी त्याला मनोमन आशीर्वाद दिला. सकाळी तो गृहस्थ दोन चमचे घेऊन हजर. “घरी जोडी होती,” म्हणाला. कामोठ्याहून एक बाई मुलाच्या दप्तरातून किटली घेऊन आल्या. असे करत करत आकडा एकसष्टावर गेला.

तीस तारखेला मुख्य कार्यालयातून तपासणीला रुचिरा मॅडम आल्या. त्यांनी मोजले: एकसष्ट.

“दादूकाका, हे असं कसं चालेल? सिस्टीममध्ये एन्ट्रीच नाही! तुम्हाला सोडता येणार नाही. जरा पाणी आणा.”

दादू पाणी घेऊन आले. पुन्हा मोजणी झाली. बासष्ट. मॅडमच्या पर्सची चेन उघडी होती. (त्याचा याच्याशी संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही, उघडी होती एवढेच म्हणतो.)

पाणी पिऊन मॅडमचा आवाज मऊ झाला आणि त्यांना दारावरची पाटी दिसली: ‘प्रेक्षकांनी आपल्या वस्तू सांभाळाव्यात. संग्रहालय जबाबदार नाही.’ अर्थ स्वच्छ होता. चौदा वस्तू वाढलेल्या नव्हत्या, प्रेक्षक त्या विसरून गेले होते. त्या बाहेरच्या चपलांच्या रॅकमध्ये ठेवाव्यात, असा हुकूम झाला. (संग्रहालयात चपला काढाव्या लागत नाहीत, पण रॅक मंजूर झाला होता.) तेरा वस्तू दादूंनी हलवल्या. चौदावी मॅडमनी स्वतः उचलली. उरलेल्या एकोणपन्नास चकचकीत भांड्यांतून नेमकी कुठली ते त्यांना शोधावे लागले नाही.

एकतीस तारखेला दादूंना दाखला, शाल आणि नारळ मिळाला. एक तारखेला ते पुन्हा आले, प्रेक्षक म्हणून. नोकरीत असताना जी गोष्ट करणे केवळ अशक्य होते ती त्यांनी केली: रॅकच्या पंधराव्या खणात घरून आणलेला एक चहाचा चमचा ठेवला आणि मोकळ्या हातांनी घरी गेले.

रॅकला वीस खण आहेत. सोळावा रिकामा आहे. तुम्ही इथवर हसत वाचलेत, आनंद आहे. आता उठा, स्वयंपाकघरात जा, मिठाच्या बरणीतला तो जुना चमचा उलटा करून बघा. संग्रहालय सोमवारी बंद असते. बाकी दिवशी कोणी काही विचारत नाही. नवा रखवालदारही भिंतीकडे तोंड करूनच बसतो.