उंबऱ्यावर चढलेला ट्रॅक्टर

पुढच्या चाकात ग्रीस भरायला चिमाजीनं ट्रॅक्टरला जॅक लावला, आणि ट्रॅक्टर वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जायला लागला. अंगण शेणानं सारवलेलं, वरून दिसायला टणक, आतून भुसभुशीत. पुढचं चाक वीतभर उचललं गेलं, थांबलं आणि मग हळूच डाव्या अंगाला कलायला लागलं.

"हो हो हो, सर्जा!" चिमाजी ओरडला.

सर्जा म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेला बैल. ट्रॅक्टरनं अर्थातच ऐकलं नाही. तो धाडकन खाली बसला आणि जॅक आडवा झाला.

नशीब की चिमाजी खाली शिरला नव्हता. चिंचवडच्या उद्धवराव मिस्त्रींनी त्याला बजावूनच ठेवलं होतं. "जॅक नुसता उचलायला असतो, चिमाजीराव. त्याच्या भरवशावर खाली जायचं नाही. जॅकखाली रुंद फळी, मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर, आणि आसाखाली दोन्हीकडं जाड लाकडी ओंडके. दगड नको, विटा नको, त्या फुटतात. ट्रॅक्टर ओंडक्यांवर टेकवून हलवून बघा, मगच हात घाला."

चिमाजीकडे अडसरापुरत्या दोन-चार ढलप्या होत्या. फळी नव्हती, ओंडके नव्हते. आणि मागायला जावं असं कुणी राहिलं नव्हतं, हेच त्याचं खरं दुखणं.

बैल होते तेव्हा गावाशी सावड होती. आज माझी जोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. दुपारी बांधावर एकत्र भाकरी, संध्याकाळी तंबाखू. एकोणीसशे पंचावन्न साली चिमाजीनं जोडी विकून जुना लहान ट्रॅक्टर घेतला. आठ दिवस अख्खं चाकण बघायला येत होतं, नवव्या दिवशी कुणी फिरकलं नाही. त्याचं रान आता एका सकाळीत नांगरून होई आणि उरलेला दिवस तो ओट्यावर बसून रस्ता बघे. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी जुन्नरकडे दिलेली. संध्याकाळी तो ट्रॅक्टरशी दोन शब्द बोलायचा, पण तो गडी मुळातच अबोल.

शेवटी तो टोपी घालून निघाला. शेजारच्या मळ्यातला गेनू ज्या बाभळीच्या ओंडक्यावर रोज बसायचा, तो त्यानं कुरकुरत दिला. "जपून वापर. माज्या बुडाच्या मापाचा हाय." ओढ्यापलीकडच्या गोजाबाईनं सरपण फोडायचा ठोकळा दिला. राहिली फळी. आबाजीचं नवं घर चाललं होतं आणि सागाचा जाड उंबरा मुहूर्ताची वाट बघत पडवीत पडला होता.

"उंबऱ्यावर पाय ठिवू न्हाई म्हणत्यात," आबाजी म्हणाला, "आन तू ट्रॅक्टर ठिवनार?"

"अजून बसवला न्हाई, आबा. तवर नुसतं लाकूडच हाय की."

आबाजीला हे पटलं नाही, तरी त्यानं उंबऱ्याचं एक टोक उचललं. उंबरा आला.

या खेपेला सगळं मिस्त्रींच्या सांगण्याबरहुकूम झालं. अडसर लागले, उंबऱ्यावर जॅक बसला, आस दोन ओंडक्यांवर टेकला. चिमाजीनं खांदा लावून हलवून पाहिलं. ट्रॅक्टर ढिम्म.

संध्याकाळी गेनू आला. बसायला ओंडका नव्हता, म्हणून ओंडक्याशेजारी बसला. मग गोजाबाई ठोकळ्याला चीर गेली का बघायला आली. आबाजी तर उंबऱ्याला बोटानं चाचपतच बसला. चिमाजीनं घोंगडी अंथरली, चहा टाकला. त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रीस भरून चाक जागेवर बसलं. चिमाजीचा हात जॅकच्या दांडीकडे गेला आणि थांबला. ट्रॅक्टर उतरला की ओंडके जाणार. ओंडके गेले की माणसं.

"झालं का?" संध्याकाळी गेनूनं विचारलं.

"एक नट लई आडमुठा हाय," चिमाजी म्हणाला.

हा आडमुठा नट सहा दिवस पुरला. गोजाबाई पिठलं घेऊन येऊ लागली. आबाजीनं उंबऱ्याचा मुहूर्त पुढं ढकलला. शनिवारी चाकणच्या बाजाराला आलेले उद्धवराव वाट वाकडी करून आले, खाली वाकले आणि खूश झाले.

"वा! अगदी सांगितलं तसं. पण काम तर झालंय! ग्रीसवर बोटभर धूळ बसलीय. वर कशाला टांगून ठेवलाय?"

चिमाजी मान खाली घालून उभा राहिला. मग ट्रॅक्टर उतरवला. गेनूनं ओंडका खांद्यावर घेतला, गोजाबाईनं ठोकळा डोक्यावर, आबाजीनं उंबरा काखेत, आणि तिघं तीन वाटांनी गेले. रविवारी संध्याकाळी चिमाजीनं सवयीनं घोंगडी अंथरली. अंधार पडल्यावर झटकून घडी घातली. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सोमवारी सकाळी गेनू बांधावर उभा.

"ट्रॅक्टर चालू हाय न्हवं?"

"व्हय. का?"

"माजा ओंडका आठवडाभर तुज्याकडं राबला. सावड फेडायची का न्हाई?"

चिमाजी बांधापाशी आला. "मग तीन वर्सं का न्हाई आलास, गड्या?"

"काय तोंडानं येऊ? बैलाच्या बदल्यात बैल देता येतो. ट्रॅक्टरच्या बदल्यात काय दिऊ? आता निदान ओंडका तरी झाला."

मागून गोजाबाई ओरडली, "उद्या माजं रान! ठोकळ्याला खरंच चीर गेलीया, ती बी धरायची!"

"आन परवा आबाचं," गेनू म्हणाला. "उंबऱ्याचं दोन दिस मोजनार म्हणतो."

गेनूचं रान दीड एकर. चिमाजीनं नेहमीसारखा ट्रॅक्टर हाकला असता तर न्याहारीच्या आधीच काम संपलं असतं. त्यानं सगळ्यात हळू गिअर टाकला. गेनू थोडा वेळ शेजारून चालला, मग पुढं निघून गेला, मग थांबून वाट बघू लागला.

"अरं चिमाजी, यापरास बैल बरं हुतं की रं!"

"जुनं यंत्र हाय. घाई सोसत न्हाई त्याला," चिमाजी म्हणाला आणि बांधाकडे बघितलं. तिथं गोजाबाई आत्ता कुठं चूल मांडत होती. भाकऱ्या व्हायला अजून बराच वेळ होता.