फक्त गाडीसाठी

तपासनीस यायची वेळ झाली आणि गणिताच्या सरांना दिसलं, की नवा मीटर धावतोय. गाडी अंगणात उभी, चार्जरची वायर गुंडाळून भिंतीला टांगलेली, आणि मीटरचा लाल दिवा मात्र भराभर लुकलुकत होता.

या स्वतंत्र मीटरसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. विजेवरची गाडी घरच्या मीटरवर चार्ज व्हायला लागल्यापासून बिल असं काही फुगलं, की बायकोने सरळ बजावलं होतं, एक तर स्वस्त दराचा मीटर आणा, नाहीतर गाडी विका. तपासणीत नापास झालात तर गाडी गेलीच म्हणून समजा. वीज कंपनीच्या अटी दोनच होत्या. नव्या मीटरवर गाडीशिवाय काही चालवायचं नाही, आणि तपासणी होईपर्यंत गाडीसुद्धा चार्जिंगला लावायची नाही. सर नियमाचे इतके पक्के, की त्यांनी अजून चार्जरवरची धूळही पुसली नव्हती.

सर गुडघ्यांवर बसले. चार्जरच्या मागून एक काळी वायर निघाली होती. कुंड्यांच्या आडून, भिंतीच्या कडेकडेने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरत होती. सर तिच्यामागोमाग घरात गेले. वायर बायकोच्या ओव्हनपाशी संपत होती.

बायको घरून केकच्या ऑर्डरी घ्यायची. गाडीच्या नावाने उठता-बसता खडे फोडणारी हीच ती बायको. एरवी सरांनी त्या वायरच्या जोरावर जन्मभराचे वाद जिंकले असते. आत्ता त्यांनी फक्त बटणाकडे हात नेला.

"हात लावाल तर बघा," बायको म्हणाली. "आत केक आहे. आत्ता बंद केलात तर मधोमध खचेल. संध्याकाळी पोचवायचाय."

"अगं, साहेब फाटकात आलेत."

"मग थोपवून धरा वीस मिनिटं. वर्गात तासभर बोलता ना?"

तपासनीस साहेब मोजकं बोलणारे, हातात टॉर्च घेतलेले गृहस्थ होते. सरांनी त्यांना मीटरऐवजी गाडीकडे वळवलं. डिकी दाखवली, सीट मागेपुढे करून दाखवली. साहेब घड्याळ बघायला लागले तसं त्यांना गाडीत बसवून कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आणली. मग दुसरी. आपण नव्या मीटरवर गाडी अजून एकदाही लावलेली नाही, हे सर वाटेत अभिमानाने सांगत होते आणि कपाळावरचा घाम पुसत होते. तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा साहेब म्हणाले, "मला गाडी विकत घ्यायची नाहीये. मीटर दाखवा."

परत आले तर वायर गायब होती. दिवा शांत होता आणि बायको हात पुसत दारात उभी होती. सरांच्या जिवात जीव आला. साहेबांनी मीटरवर टॉर्च मारला आणि आकडा नीट वाचला.

"गाडी एकदाही लावली नाही म्हणालात. मग इतके युनिट कुणी खाल्ले?"

सरांनी वळून पाहिलं. दारातल्या बायकोचा चेहरा पांढराफटक झाला होता. ओव्हनचं नाव निघालं तर मीटर काढून नेणार आणि चारचौघांत तिची शोभा होणार. तिच्यावर कितीही राग असला तरी ते सरांना बघवलं नसतं.

"मीच, साहेब," ते म्हणाले. "राहवलं नाही. गुपचूप लावली गाडी."

मास्तर माणसाने असं करावं याबद्दल साहेबांनी बरंच ऐकवलं. सर खाली मान घालून उभे राहिले. आज मंजुरी नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी, तुम्हाला सोयीचा दिवस फोन करून कळवा, असं सांगून साहेब फाटकाकडे निघाले.

सरांनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. नापास, म्हणजे गाडी गेलीच होती. बायको जवळ आली तेव्हा त्यांना वर बघवेना.

"गुरुवारचं सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी माझी ऑर्डर नाहीये."