ऐतिहासिकच्याही वरचं

साहेब आणि त्यांच्या मिसेस जेवायला यायला तासभर उरला होता आणि स्वयंपाकघरात सासूबाईंचा मिक्सर रणगाड्यासारखा धडधडत होता. मुक्कामाला येताना तो त्यांनी मुद्दाम सोबत आणला होता. जावयाची बढती साहेबांच्या मर्जीवर अडकलेली, त्यात हा गोंगाट. तो वैतागून बाहेरूनच बायकोवर ओरडला, "ते प्रागैतिहासिक धूड आधी बंद कर!"

मिक्सर बंद झाला. दारात आल्या त्या सासूबाई.

"काय म्हणालात जावईबापू? प्राग... काय?"

इतिहास लिहिला जाण्याच्याही आधीचं, माणूस गुहेत राहायचा तेव्हाचं, हा खरा अर्थ त्याच्या जिभेवर आला आणि तिथूनच माघारी फिरला. "अहो आई, ऐतिहासिक म्हणजे मोठं ना? हे त्याच्याही वरचं. फार मानाचं!"

"असं होय!" सासूबाई खुलल्या आणि त्यांनी मिक्सर पुन्हा सुरू केला.

जेवणं छान रंगली. साहेबांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, तसा जावयाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाई मिसेसकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, "खरं सांगू? तुमचं रूप अगदी प्रागैतिहासिक आहे हो!"

जावयाला ठसका लागला. बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला त्याने टेबलावरच सांडला.

"प्रागैतिहासिक?" मिसेस नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे काय हो?"

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने मिठाच्या वाटीकडे. ऑफिसात भल्याभल्यांना घाम फोडणारे साहेब म्हणाले, "म्हणजे... खूप मोठं. मानाचं."

"बघा! इतक्या वर्षांत तुम्हाला कधी सुचलं नाही!" मिसेसनी सासूबाईंचा हात हातात घेतला, तो निघेपर्यंत सोडला नाही.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जावई आत गेला.

"बसा. तुमच्या बढतीवर सही केलीय."

"साहेब, कालचं ते..."

"कालचं राहू द्या. रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, मोठा समारंभ ठेवलाय. माझं भाषण तुम्ही लिहायचं."

"आनंदाने, साहेब!"

साहेबांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यात तिला तो शब्द हवाय. निदान तीनदा."

"लिहितो."

"आणि जरा जपून लिहा," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "पहिल्या रांगेत तिचा भाऊ बसणार आहे. इतिहासाचा प्राध्यापक."